पिकांचे पट्टे सरकणार, पण कोणत्या महिन्यामुळे? : वाचकांचे प्रश्न

कोणते पीक २०५० मध्ये कुठे तग धरेल आणि कुठून उठेल, हे हिरव्या-लाल रंगांत दाखवणारे नकाशे हल्ली मोबाइलवर फिरत असतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : चार एकर गहू असतो. २०५० साली आमचा जिल्हा गव्हाला 'अयोग्य' होणार, असा नकाशा ग्रुपवर आला. हे गणित घालतात तरी कसे? कागदावर मांडून दाखवता येईल का?
— एक शेतकरी, जालना जिल्हा

येईल, आणि वहीचे एक पान पुरेल.

असे नकाशे करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत पिकाला काय सोसते याच्या मर्यादा आधी ठरवतात आणि मग प्रत्येक ठिकाणचे हवामान त्या मर्यादांवर तपासतात. दुसरीत पीक आज कुठे आहे याच्या खुणा घेऊन, तसेच हवामान उद्या कुठे असेल ते शोधतात. दुसरीबद्दल पुढच्या पत्रात. पहिलीचे सर्वांत वापरातले साधन म्हणजे 'इकोक्रॉप'. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दोन हजारांहून जास्त वनस्पतींच्या अशा मर्यादांची यादी केली, त्यावर ते चालते.

तापमानाचे चार आकडे लागतात : ज्याखाली वाढ थांबते तो, मानवणारा टप्पा सुरू होतो तो, तो टप्पा संपतो तो आणि ज्यावर वाढ थांबते तो. गव्हासाठी ५, १५, २३ आणि २७ अंश सेल्सिअस धरू. आता तुमच्या गावाचे महिन्याचे सरासरी तापमान घ्या, म्हणजे कमाल अधिक किमान, भागिले दोन. उदाहरणापुरते नोव्हेंबर २२.५, डिसेंबर २०.५, जानेवारी २१ आणि फेब्रुवारी २४ असे समजा. पहिले तीन महिने १५ ते २३ च्या आत बसतात, म्हणून प्रत्येकाला १०० गुण. फेब्रुवारी २३ च्या वर एक अंश गेला. वाढ थांबायला अजून ३ अंश बाकी आहेत आणि २३ ते २७ हे अंतर ४ अंशांचे, म्हणून ३ भागिले ४, म्हणजे ७५ गुण. हंगामाचा निकाल सरासरीने लावत नाहीत. ज्या महिन्याला सर्वांत कमी गुण, तोच निकाल. म्हणजे आज ७५.

आता प्रत्येक महिन्यात दीड अंश मिळवा. नोव्हेंबर २४ होतो आणि ७५ वर येतो. डिसेंबर, जानेवारीला काही होत नाही. फेब्रुवारी २५.५ वर जातो, १.५ भागिले ४, म्हणजे ३७.५. नकाशा करणाऱ्याने '४० च्या खाली अयोग्य' अशी रेघ मारली असेल तर तुमचा जिल्हा लाल. रेघ ३५ वर मारली असती तर तोच जिल्हा पिवळा दिसला असता. जिल्हा लाल झाला तो एकट्या फेब्रुवारीमुळे, हे त्या रंगातून कळत नाही आणि शेतकऱ्याला नेमके तेच कळायला हवे असते. अडचण दाणा भरण्याच्या वेळची असेल तर लवकर पक्व होणारे वाण आणि वेळेवर पेरणी हा त्यावरचा उतारा आहे. पण पेरणी फार अलीकडे ओढली तर तापलेला नोव्हेंबर फुटवे कमी करतो. वरच्या गणितात नोव्हेंबरचे गुणही ७५ वर आले, ते याचेच चिन्ह. म्हणजे हंगाम दोन्ही टोकांनी आखडतो आहे.

पावसाचे गणित याच धर्तीवर होते, आणि तिथेच मोठी गफलत होते. इकोक्रॉपमध्ये गव्हाला हंगामात किमान ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो, असे धरले जाते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ३०-४० मिलिमीटर पडला तरी खूप. पावसाचे गुण शून्य, आणि तापमानाचे गुण त्याने गुणायचे, म्हणजे निकालही शून्य. ही अट तशीच ठेवली तर २०५० कशाला, आजच महाराष्ट्रात गहू उगवू नये! आपला गहू विहिरीवर आणि कालव्यावर पिकतो. बागायती पिकासाठी तापमानाचा नकाशा वेगळा काढायचा आणि पाण्याचा हिशेब वेगळा मांडायचा. म्हणून कोणताही नकाशा हाती आला की आधी त्याच्या शेजारचा 'आजचा' नकाशा मागा. आज जिथे एकरी चांगला उतारा पडतो तो भाग त्यात लाल असेल, तर पुढचे पाहायची गरज नाही.

एक मर्यादा मात्र या रीतीत राहतेच. महिन्याच्या सरासरीत उष्णतेची लाट बुडून जाते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला मार्च ठरला. पंजाब-हरियाणात ओंबीत दाणा भरत असतानाच लाट आली, दाणे चिमले, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. आपल्याकडे वेळेवर पेरलेला गहू तोवर बराचसा कापणीला आलेला असतो. उशिरा पेरलेला मात्र त्याच तडाख्यात सापडतो.

प्रश्न : हापूससाठी मॅक्सएंट चालवले. बागांच्या ४२ खुणा, वर्ल्डक्लिमचे सर्व १९ चल, पार्श्वभूमी संपूर्ण भारत. एयूसी ०.९८ आला. पण रायगड जिल्ह्यात एका सरळ रेघेवर रंग एकदम बदलतो. नकाशा आम्हालाच पटत नाही. कुठे चुकले?
— दोन विद्यार्थिनी, कृषी महाविद्यालय

नकाशा पटला नाही हे बरे झाले. इतर वाचकांसाठी थोडक्यात : मॅक्सएंट ही दुसरी रीत. वर्ल्डक्लिम हा जगभरच्या हवामानाचा चौकटीचौकटीने भरलेला संच, आणि त्याचे १९ चल म्हणजे त्यातून काढलेले तापमान-पावसाचे आकडे, बायो-१ ते बायो-१९. पीक असलेल्या जागांचे हवामान ते पार्श्वभूमीच्या, म्हणजे भोवतालच्या प्रदेशातून सरसकट उचललेल्या, बिंदूंच्या हवामानाशी ताडून पाहते. मुळात हे साधन जंगली प्राणी-वनस्पतींसाठी बनले, शेतीसाठी नाही. एयूसी म्हणजे असलेली जागा आणि पार्श्वभूमीची जागा ते किती नीट वेगळी ओळखते त्याचा आकडा. ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे अचूक.

०.९८ ला भुलू नका. पार्श्वभूमीत तुम्ही जैसलमेर घेतले, लेह घेतले, चेरापुंजीही घेतली. कोकणचा किनारा जैसलमेरपासून वेगळा ओळखायला संगणक लागत नाही. पार्श्वभूमी जितकी पसराल तितका एयूसी फुगतो. ती कोकण, घाटमाथा आणि लगतच्या देशावरच्या जिल्ह्यांपुरती आखडा, म्हणजे बागांपासून साधारण २०० ते ३०० किलोमीटर. आकडा ०.८ वर येईल. तो खरा आकडा.

आता ती सरळ रेघ. १९ चलांपैकी बायो-८, बायो-९, बायो-१८ आणि बायो-१९ या चार चलांत तापमान आणि पाऊस एकत्र गुंफलेले असतात. बायो-१८ म्हणजे सर्वांत उष्ण तिमाहीतला पाऊस. कोकणात ही तिमाही कुठे मार्च ते मे येते, तर शेजारच्याच चौकटीत एप्रिल ते जून. फरक तापमानातल्या दशांश अंशाचा असतो, पण एप्रिल ते जून धरले की जूनचा पाऊस आत येतो आणि आकडा थोड्या मिलिमीटरांवरून कित्येक शेकड्यांवर उडी घेतो. बायो-१८ चा थर उघडून पाहा, बहुधा तीच रेघ तिथे दिसेल. ही चारही चले काढून टाका.

उरलेल्या १५ मध्येही निम्मी एकमेकांची भावंडे आहेत. जोड्यांचा सहसंबंध काढा. ०.७ च्या वर गेलेल्या जोडीतले एकच ठेवा, आणि कोणते ठेवायचे ते आंब्याला विचारून ठरवा. मोहोर फुटायला पावसाळ्यानंतरचा कोरडा ताण आणि थंड रात्री लागतात, म्हणून सर्वांत थंड महिन्याचे किमान तापमान (बायो-६) हवे. फळ पोसताना उष्णतेने गळ होते, म्हणून सर्वांत उष्ण महिन्याचे कमाल (बायो-५). पावसाची मोसमी लय (बायो-१५) आणि कोरड्या तिमाहीतला पाऊस (बायो-१७). अशी चार ते सहा पुरेत. त्याहून जास्त चले ४२ खुणांना झेपत नाहीत.

त्या ४२ खुणाही खऱ्या ४२ नसाव्यात. एकाच वाडीतल्या पाच बागा एक किलोमीटरच्या एकाच चौकटीत पडतात, आणि रस्त्यालगतच्या बागा नेहमीच जास्त नोंदल्या जातात. दोन खुणांत निदान ५ ते १० किलोमीटर अंतर राहील अशा विरळ करा. २५ उरल्या तरी हरकत नाही. चाचणीसाठी यादृच्छिक २५ टक्के बाजूला काढू नका. तशा काढल्या तर चाचणीची खूण शिकवणीच्या खुणेला चिकटून बसते, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. किनारपट्टीचे उत्तर-दक्षिण चार तुकडे करा, तिघांवर शिकवा, चौथ्यावर तपासा आणि पाळीपाळीने फिरवा. प्रणाली आपोआप निवडते ते वक्रांचे प्रकार बंद करून फक्त रेषीय आणि वर्ग ठेवा. गुळगुळीतपणाचा गुणक १ वर सोडू नका, १ ते ३ पर्यंत तपासा.

मग नकाशाकडे न जाता प्रत्येक चलाचे प्रतिसाद-वक्र पाहा, म्हणजे तो आकडा बदलला की योग्यता कशी बदलते ते दाखवणारे आलेख. किमान तापमानाचा वक्र एखाद्या टेकाडासारखा हवा. तो करवतीच्या दात्यांसारखा आला तर मॉडेलने आंबा शिकला नाही, तुमच्या खुणा पाठ केल्या. शेवटी, २०४१-६० चे हवामान शिकवणीच्या पट्ट्याबाहेर कुठे जाते, हे दाखवणारा साम्यपृष्ठाचा नकाशा काढा. ज्या भागात तसे हवामान आज कोकणात कुठेच नाही, तिथे हिरवा रंगही भरू नका आणि लालही नको. रेघा मारून सोडा.

एवढे सगळे केले तरी हापूसच्या बाबतीत एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते सर्वांत मोठी तीच. बाग कुठे आहे हे निव्वळ हवामानाने ठरलेले नाही. पेटीला भाव कुठल्या गावाच्या नावावर मिळतो, कलमे कुठून आली, घरात चाकरमानी किती, यावरही ते ठरले. त्यात 'कल्टार' आले. हे पॅक्लोब्युट्राझोल नावाचे वाढ रोखणारे औषध. ते दिलेले झाड, थंडी पुरेशी नसतानाही मोहोरते. अशा बागेची खूण मॉडेलला सांगते की, आंब्याला एवढ्या उबदार रात्री चालतात. तो धडा झाडाचा नव्हे, औषधाचा. शक्य असेल तर कल्टार दिलेल्या आणि न दिलेल्या बागा दोन वेगळ्या गटांत चालवा आणि दोन नकाशांतला फरक छापा. पदवीच्या प्रबंधाला तेवढे पुष्कळ झाले. मोहोरावर दोन दिवस पडलेला अवकाळी पाऊस, त्यामागून येणारा करपा आणि तुडतुडा, हे महिन्याच्या सरासरीत उतरत नाहीत. बागायतदार 'नकाशा हिरवा आणि बाग काळी' म्हणून हसला तर तो चुकत नाही.

प्रश्न : दोन संस्थांचे २०५० चे तुरीचे नकाशे पाहिले. एकात आमचा तालुका गडद हिरवा, दुसऱ्यात लाल. कोणाचे खरे मानायचे?
— कृषी सहायक, विदर्भ

आधी दोघांचे 'आज' एकच आहे का ते पाहा. वर्ल्डक्लिमचा आधारकाळ १९७० ते २००० आहे. दुसऱ्याने १९९१ ते २०२० धरला असेल, तर तापमानाची काही वाढ त्याच्या 'आज'मध्येच जमा आहे. आणि '२०५०' हे एक वर्ष नसून बहुधा २०४१ ते २०६० ची सरासरी असते.

मग उत्सर्जनाचा मार्ग पाहा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार १८५०-१९०० च्या तुलनेत जगाची सरासरी वाढ २०४१-६० मध्ये एसएसपी१-२.६ या कमी उत्सर्जनाच्या मार्गावर १.७ अंश, एसएसपी२-४.५ या मधल्या मार्गावर २.० आणि एसएसपी५-८.५ या फार जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर २.४ अंश आहे. शतकाच्या अखेरीस, २०८१-२१०० मध्ये, हेच आकडे १.८, २.७ आणि ४.४ होतात. म्हणजे २०५० च्या नकाशात मार्गामुळे पडणारा फरक तुम्ही समजता तितका मोठा नाही. पावसाच्या बाबतीत तर एका हवामान मॉडेलचे दुसऱ्याशी असलेले भांडणच मोठे असते. तूर जिरायती, तिचे सगळे पावसावर. त्यामुळे नकाशा एकाच मॉडेलवर केला असेल तर तो बाजूला ठेवा. निदान पाच मॉडेले हवीत, आणि त्यांची नुसती सरासरी नको. पाचांपैकी किती जणांनी हिरवा म्हटले, हे छापलेले हवे.

मॉडेलांची नावे दिली असतील तर तीही वाचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास शेवटी तापमान किती वाढेल, याचा आयपीसीसीचा संभाव्य पट्टा २.५ ते ४ अंश आहे. कॅनईएसएम५ हे मॉडेल ५.६ देते, यूकेईएसएम१ सुद्धा ५ च्या वर जाते. नुसती अशीच घेतली तर लाल रंग आधीच ठरलेला.

यात काहीच सापडले नाही, तर फरक उंबरठ्याचा असेल. एकाने सर्वांत कमकुवत खुणेलाही 'योग्य' धरले, दुसऱ्याने तळाच्या दहा टक्के खुणा वगळून रेघ वर ओढली. आकडे तेच, रंग उलटे.

प्रश्न : तापमान वाढले की पीक डोंगरावर चढते म्हणतात. स्ट्रॉबेरीने महाबळेश्वरहून कुठे चढायचे?
— बागायतदार, महाबळेश्वर तालुका

कुठेही नाही. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे एका अंशाची वाढ टाळायला सुमारे १५५-१६५ मीटर चढावे लागते. हिमाचलात सफरचंद किन्नौर, लाहौल-स्पीतीकडे सरकले, कारण वर डोंगर शिल्लक होता. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ वर. दोन अंश वाढ धरली तर थेट शिखरावर वाफे घातले तरी हिशेब पुरा होत नाही!

म्हणून इथे पट्टा जागेत सरकत नाही, काळात सरकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरची लागण पुढे जाते, उन्हाळ्याकडचे तोडे कमी होतात. नाशिककडे सुरगाणा तालुक्यात कमी उंचीवर स्ट्रॉबेरी होते ती अशाच आखूड हंगामावर. तुमच्या तालुक्याचा नकाशा काढायचा तर वर्षाचा नको, महिन्यामहिन्याचा काढून घ्या.

प्रश्न : नकाशा एक किलोमीटरचा आहे. म्हणजे माझ्या गटाचा अंदाज त्यात आहे ना?
— धाराशिव

नाही. एक किलोमीटरची चौकट ही दूरदूरच्या केंद्रांमधल्या नोंदी उंचीच्या आधाराने ताणून भरलेली असते. भारतीय हवामान विभागाची पावसाची जाळी पाव अंशाची आहे, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर. तापमानाची एक अंशाची, म्हणजे शंभरावर किलोमीटर. चित्र बारीक झाले म्हणून माहिती बारीक होत नाही. शिवाय तुमच्या गटात मुरूम आहे की तीन फूट काळी, हे हवामानाच्या नकाशाला ठाऊक नसते. जमिनीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे नकाशे पाहा. पावसासाठी आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदी काढा.

प्रश्न : निफाडला पारा पाचच्या खाली जातो. मग सफरचंद का नको?
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

कारण सफरचंद पारा मोजत नाही, तास मोजते. ० ते ७.२ अंशांत गेलेले तास म्हणजे थंडीचे तास. डेलिशियस गटातल्या जुन्या वाणांना ते हजाराच्या वर लागतात. तुमच्याकडे पहाटे तीन ते सात पारा सातच्या खाली राहिला तर रात्रीचे चार तास. अशा वीस रात्री म्हणजे ८०. काही मोजपद्धती याहून कडक आहेत. यूटा पद्धतीत १६ अंशांच्या वर गेलेले तास जमेतून वजा होतात, आणि निफाडच्या जानेवारीतली दुपार ३० च्या आसपास असते. रात्रीची कमाई दिवसा उडते. आपल्यासारख्या उबदार भागात मोजायला 'डायनॅमिक' पद्धत त्यातल्या त्यात बरी.

ॲना आणि डॉर्सेट गोल्डन ही कमी थंडीची वाणे दोनशे-तीनशे तासांच्या हिशेबातली, हिमाचलच्या बिलासपूरकडची एचआरएमएन-९९ हीसुद्धा कमी थंडीचीच. त्यांचा विचार करायचा तर आधी एक हिवाळा मोजा. दर तासाला नोंद घेणारा छोटा तापमापक बागेत सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, हवा खेळती राहील असा टांगा. पत्र्याला किंवा भिंतीला लावू नका, भिंत रात्रभर ऊब सोडते आणि तास कमी मोजले जातात. १ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी नोंद ठेवा, आणि एकाच हिवाळ्यावर रोपांचे पैसे भरू नका.

तास कमी पडले तरी फळ येतच नाही, असे मात्र नाही. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या बाटू परिसरात थंडीचे तास जवळजवळ शून्य असताना सफरचंद घेतात. तोडणीनंतर महिनाभराने पाने हाताने ओरबाडून काढतात, त्यामुळे झाड गाढ झोपेत जायच्या आधीच नवे डोळे फुटतात. द्राक्षाची छाटणी करणाऱ्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. पण पाने काढायला माणसे किती लागतील, याचा हिशेब आधी करा.